कोल्हापूर-मुंबई विमानाने फक्त ३०८ किलोमीटर, मग तिकिटावर तासभर का लिहिलेला असतो?

कोल्हापूर ते मुंबई अंतर किती, असं विचारलं तर तीन माणसं तीन उत्तरं देतात आणि तिन्ही बरोबर असतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणारा सांगतो ५१८ किलोमीटर. हायवेने गाडी घेऊन जाणारा सांगतो पावणेचारशेच्या आसपास. आणि मोबाइलवर विमानाचं अंतर शोधणारा सांगतो ३०८ किलोमीटर.

आता हा तिसरा माणूस पुढचं गणितही करतो. जेट विमान ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगाने उडतं, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. ३०८ ला त्या वेगाने भागलं की उत्तर येतं २२ मिनिटं. रंकाळ्यावर भेळ खाऊन होईपर्यंत मुंबई! मग तिकीट काढायला गेलं की तिथे प्रवासाची वेळ दिसते तासाभराच्या आसपास. मधली पस्तीस-चाळीस मिनिटं गेली कुठे?

कंपनीने ती खाल्लेली नाहीत आणि वैमानिक उगाच हळूही चालवत नसतो. ही मिनिटं कुठे जातात हे कळलं, तर छोट्या शहरांमधला विमानप्रवास कधी फायद्याचा पडतो आणि कधी नाही, हेही बऱ्यापैकी कळतं.

आधी त्या ३०८ चं बघू. हे अंतर कुणी टेप लावून मोजलेलं नाही. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातलं सगळ्यात जवळचं अंतर काढायचं, एवढंच. मुंबई विमानतळ साधारण १९ अंश ५ कला उत्तर अक्षांशावर आहे, कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ १६ अंश ४० कलांवर. फरक २ अंश २५ कला, म्हणजे १४५ कला. विमानवाले आणि जहाजवाले किलोमीटरऐवजी नॉटिकल मैल का वापरतात, याचं उत्तर इथेच आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यामुळे कोल्हापूर मुंबईच्या १४५ नॉटिकल मैल दक्षिणेला आहे, हे नकाशा बघूनच सांगता येतं. किलोमीटरमध्ये ते झाले २६८.

रेखांशाचा फरक आहे १ अंश २५ कलांचा. आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण १०६ किलोमीटर, त्यामुळे कोल्हापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे १५१ किलोमीटर. २६८ आणि १५१ या दोन बाजू धरून शाळेतला पायथागोरस लावला की कर्ण येतो ३०८. इतक्या कमी अंतरावर पृथ्वीचा गोलवा फारसा मध्ये येत नाही, म्हणून हे गणित कागदावरही जमतं. मुंबई-न्यूयॉर्कला जमणार नाही.

रेल्वेचे ५१८ किलोमीटर कसे होतात, हेही लगे हात बघून घेऊ. मुंबईहून निघालेली गाडी कल्याण, कर्जत, लोणावळा करत पुण्याला येते. तिथून हायवेसारखी सरळ साताऱ्याकडे न जाता जेजुरी, नीरा, लोणंद असा वळसा घालते. पुढे सातारा, कराड, सांगली करत मिरजेला पोचते आणि मिरजेहून पश्चिमेला वळून कोल्हापूर गाठते. मिरज-कोल्हापूर हा फाटा १८९१ साली, शाहू महाराजांच्या काळात सुरू झाला. कोल्हापूरच्या पुढे रूळ जात नाहीत. घाट, नद्या आणि जुन्या संस्थानांच्या हद्दी यांच्यातून वाट काढत गेलेला हा मार्ग आहे, म्हणून तो सरळ रेषेच्या पावणेदोनपट भरतो. त्याला रात्रीचे सुमारे ११ तास लागतात.

विमानाला घाट लागत नाही. पण त्याचे स्वतःचे वेगळे घाट असतात.

पहिली गोष्ट म्हणजे तिकिटावरची वेळ उडण्याची नसतेच. विमान उभं असताना त्याच्या चाकांना अडण्या लावलेल्या असतात. त्या काढून विमान जागेवरून हलतं तिथपासून मुक्कामी पुन्हा अडण्या लागेपर्यंतचा जो काळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. वेळापत्रकात तो छापलेला असतो. म्हणजे विमान मागे ढकलणं, इंजिन सुरू होणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा रांगत पार्किंगपर्यंत येणं, सगळं यात धरलेलं असतं.

मुंबईत या रांगण्याला आणि थांबण्याला भरपूर वेळ जातो. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक चालवता येत नाही आणि प्रत्यक्षात एका वेळी एकच धावपट्टी कामाला येते. त्या एकीवरून दिवसाला ९०० हून जास्त विमानं चढ-उतार करतात. दुबईहून तीनशे लोक घेऊन आलेलं अवाढव्य विमान आणि कोल्हापूरहून साठ-सत्तर लोक घेऊन आलेलं छोटं विमान एकाच रांगेत असतात. धावपट्टी दोघांनाही जवळपास तेवढाच वेळ लागते.

खाली गर्दी असेल तर वरच थांबवतात. हे थांबणं म्हणजे रेसच्या मैदानासारख्या लांबट वर्तुळात फिरत राहणं. अशी एक फेरी साधारण ४ मिनिटांची असते. दोन फेऱ्या झाल्या की ८ मिनिटं गेली. खिडकीतून तीच खाडी दुसऱ्यांदा दिसली, तर काय चाललंय ते ओळखायचं.

दुसरा मुद्दा जास्त मजेशीर आहे. ताशी ८०० किलोमीटर हा वेग विमानाला उंचावर, सपाट उडताना मिळतो. कोल्हापूर-मुंबईसारख्या मार्गावर सपाट उडायला जागाच नसते.

वैमानिक उतरताना एक ढोबळ हिशोब वापरतात. दर १,००० फूट खाली यायला ३ नॉटिकल मैल लागतात. समजा एखादं छोटं जेट २४,००० फुटांवर गेलं, तर तिथून खाली यायला ७२ नॉटिकल मैल हवेत, म्हणजे १३३ किलोमीटर. वर चढायला शंभर-सव्वाशे किलोमीटर गेलेले असतात. ३०८ मधून हे दोन्ही वजा करा. उरतात पन्नास-सत्तर किलोमीटर. म्हणजे पूर्ण वेगाने सरळ उडणं जेमतेम चार-पाच मिनिटांचं. बाकी सगळा प्रवास म्हणजे चढण आणि उतरण. सीटबेल्टचा दिवा विझतो, कुणीतरी उठून बाथरूमकडे निघतो आणि तेवढ्यात दिवा पुन्हा लागतो, तो यामुळे.

शिवाय १०,००० फुटांच्या खाली विमानाने २५० नॉटच्या वर जायचं नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. २५० नॉट म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. उतरायच्या शेवटच्या टप्प्यात तर वेग याच्याही निम्म्याच्या आसपास येतो. सरासरी काढायला बसलं की ८०० चा आकडा कुठल्या कुठे जातो.

विमान कोणतं आहे, यानेही फरक पडतो, पण वाटतो तेवढा नाही. या मार्गावर २०१८ मध्ये उडान योजनेखाली सेवा सुरू झाली तेव्हा १९ आसनी छोटं पंख्यांचं विमान होतं. नंतर एटीआर-७२ आलं, नंतर एम्ब्रेअरचं छोटं जेट. एटीआर हे पंख्यांचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, जेट ८०० च्या. कागदावर फरक दीडपटीहून जास्त. ३०८ किलोमीटरला एटीआरचे होतात ३७ मिनिटं आणि जेटचे २२. प्रत्यक्षात जेटला तो वेग गाठायला वावच मिळत नसल्याने हा १५ मिनिटांचा फरक बराच आटतो. म्हणून जगभरात अशा जवळच्या मार्गांवर पंख्यांची विमानं टिकून आहेत. ती इंधन कमी पितात, आखूड धावपट्टीवरून उडतात आणि घड्याळात फारशी मागेही पडत नाहीत.

आखूड धावपट्टीचा विषय कोल्हापूरकरांना नवा नाही. संस्थानकाळात, १९३९ साली, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत इथे विमानतळ झाला आणि आज त्याला त्यांचंच नाव आहे. त्याची धावपट्टी बरीच वर्षं १,३७० मीटरची होती, ती वाढवून १,९३० मीटर करण्यात आली. छोट्या विमानतळांवर बहुतेक वेळा धावपट्टीला समांतर असा टॅक्सीवेही नसतो. मग विमान उतरतं, पुढे जाऊन वळतं आणि त्याच धावपट्टीवरून उलटं चालत येतं. त्यात आणखी दोन-तीन मिनिटं जातात.

आणि विमान ती सरळ ३०८ किलोमीटरची रेषही धरत नाही. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. मुंबईत वारा बराच काळ समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. त्यामुळे मुंबईहून कोल्हापूरला निघालेलं विमान आधी जुहूवरून अरबी समुद्रावर जातं आणि मग डावीकडे वळून आग्नेयेची वाट धरतं. जायचंय सह्याद्रीच्या पलीकडे आणि सुरुवात समुद्राकडे! येताना हा त्रास कमी असतो, कारण कोल्हापूरहून येणारं विमान आधीच मुंबईच्या पूर्वेला असतं आणि तिथूनच पश्चिमेला तोंड करून उतरतं. जाताना आणि येताना वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक दिसला, तर त्यामागे हीच कारणं असतात.

आता कंपनीकडे येऊ. वेळापत्रकातली वेळ ठरवताना कंपन्या थोडी ऐसपैस धरतात. ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत विमान आलं-गेलं तर ते वेळेवर मानलं जातं आणि या वक्तशीरपणाची टक्केवारी दर महिन्याला जाहीर होते. मग कोणती कंपनी पोटाला चिमटा काढून वेळ छापेल? ५० मिनिटांचा प्रवास तासाचा दाखवला की वाईट दिवशीही गाडी रुळावर राहते आणि चांगल्या दिवशी ‘आपण दहा मिनिटं आधी पोचलो आहोत’ अशी घोषणा करून टाळ्याही मिळतात.

हा सगळा पसारा काढून टाकला तर विमान किती वेगाने दोन गावं जोडू शकतं? स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून विमान चालतं. अंतर २.७ किलोमीटर, म्हणजे एडिनबर्गच्या धावपट्टीच्या लांबीएवढंच जवळपास. वेळापत्रकात वेळ २ मिनिटं आणि वारा पाठीशी असताना झालेला विक्रम ५३ सेकंदांचा. गर्दी नाही, रांग नाही, उंच चढायचं नाही. जगातला सगळ्यात छोटा नियमित विमानप्रवास म्हणून तो ओळखला जातो. मुंबईच्या रांगेत एवढ्या वेळात विमान एखादा नंबर पुढे सरकतं.

आपल्याकडे सरकारनेही छोट्या मार्गांसाठी तास आणि किलोमीटरची सांगड घातली होती. ‘उडान’ योजना २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली मार्गावर पहिलं विमान उडालं. योजनेची ओळख करून देताना वाक्य होतं, एका तासाच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला विमानातल्या ठरावीक सीट्ससाठी २,५०० रुपये. प्रत्यक्ष भाड्याची मर्यादा मात्र अंतराच्या टप्प्यांनुसार ठरते, वेळेनुसार नाही. म्हणजे ३०८ किलोमीटरच्या मार्गाचं मर्यादित भाडं ५०० किलोमीटरवाल्यापेक्षा कमी. विमान मात्र अडकून पडतं तासभरच. उड्डाण आणि उतरण्यात जाणारं इंधन, धावपट्टीवरचा वेळ, कर्मचाऱ्यांची ड्युटी, हे सगळं दोन्हीकडे जवळपास सारखं. त्यात आणखी एक भर. हवामान बिघडलं तर दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं आणि त्याउपर ३० मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं इंधन प्रत्येक विमानाला न्यावंच लागतं, मग प्रवास तासाचा असो की चार तासांचा.

म्हणून अगदी जवळचे मार्ग कंपन्यांना परवडत नाहीत. सरकार सुरुवातीची तीन वर्षं तोटा भरून काढायला पैसे देतं, ते संपले की बरेच मार्ग बंद पडतात. महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०२३ च्या अहवालात याचा हिशोब मांडला. त्यांनी तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी सुरूच झाले ३७१. त्यातले तीन वर्षं पूर्ण चालले ११२. आणि तीन वर्षांनंतर, मार्च २०२३ पर्यंत टिकून होते ५४. कोल्हापूर-मुंबई सेवाही सुरू होणं, बंद पडणं आणि पुन्हा दुसऱ्या कंपनीने सुरू करणं अशा फेऱ्यांतून गेली आहे.

आता प्रवाशाच्या बाजूने बघू. कोल्हापुरातल्या एखाद्या घरातून परळच्या टाटा हॉस्पिटलला तपासणीसाठी जायचंय. घरातून उजळाईवाडीला पोचायला अर्धा तास. चेक-इनची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, त्यामुळे त्याच्या आधी तिथे हवं. विमानाचा एक तास. मुंबईत उतरून बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा तास. तिथून परळला ट्रॅफिकनुसार पाऊण तास ते सव्वा तास. बेरीज चार तासांच्या पुढे जाते. त्यात खरं हवेत असणं पाऊण तासाहून कमी. उद्या विमानाचा वेग दुप्पट झाला तरी या घरातल्या माणसांची फार तर दहा मिनिटं वाचतील.

त्यांना खरा फरक पडतो तो विमान किती वाजता सुटतं, आठवड्यातून किती दिवस आहे आणि संध्याकाळी परतीचं मिळतं का, याने. तपासणीची वेळ सकाळी दहाची आणि विमान दुपारचं असेल, तर आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करावा लागतो. अशा वेळी ११ तासांची महालक्ष्मी झोपेत जाते आणि सकाळी शहराच्या पोटात नेऊन सोडते. पण पेशंटला रात्रभर गाडीत बसवत नाही, म्हणून घरचे विमानच बघतात. त्यात पावसाळ्यात ढग खाली आले आणि विमान रद्द झालं, तर दुसरं विमान काही तासाभराने नसतं. मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाला पुढचं विमान लगेच मिळतं, कोल्हापूरच्या प्रवाशाला कदाचित उद्या.

हे अंतर किती जाचक होतं, याचा पुरावा वकिलांच्या आंदोलनातही सापडतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागायची. कोल्हापुरात खंडपीठ हवं ही मागणी चार दशकं चालली आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. विमान सुरू होऊन काही वर्षं झाली होती, तरी मागणी मागे पडली नाही. तारखेला हजर राहायचं तर विमानाच्या वेळा कोर्टाच्या वेळांशी जुळायला हव्यात आणि भाडं पक्षकाराला परवडायला हवं.

अंतर वाढलं की मात्र विमानाचं पारडं जड होतं. कोल्हापूर आणि नागपूर, दोन्ही महाराष्ट्रातलीच शहरं. सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या सव्वादोनपट. पण वेळ सव्वादोनपट होत नाही. चढणं, उतरणं, रांगणं हे सगळं तेवढंच राहतं. वाढीव ३९० किलोमीटर विमान उंचावर चांगल्या वेगाने कापतं, त्याला अर्धा तास पुरतो. तासाचा दीड तास, बस्स. उलट रेल्वेत महाराष्ट्र एक्स्प्रेसचा कोल्हापूर ते गोंदिया हा मार्ग १,३०० किलोमीटरहून लांब आणि नागपूर गाठेपर्यंत अख्खा दिवस जातो. त्यामुळे अंतर शोधणाऱ्या साइट्स जी वेळ सांगतात, ती लांबच्या प्रवासाला बरीचशी जुळते आणि जवळच्याला हमखास चुकते. अनेक साइट्स अंतराला ताशी ८०० च्या आसपासच्या वेगाने भागतात आणि वर अर्धा तास मिळवतात. कोल्हापूर-मुंबईला हे उत्तर येतं ५२-५३ मिनिटं, मग विमान एटीआर असो की जेट, मुंबईत रांग असो की नसो.

पटकन अंदाज घ्यायचा असेल तर एटीआरसाठी दर १०० किलोमीटरला १२ मिनिटं आणि वर २५ ते ३० मिनिटं धरावीत. ३०८ किलोमीटरला तासाच्या थोडं पुढे उत्तर येतं आणि ते तिकिटाच्या जवळ जातं.

‘कोल्हापूर-मुंबई किती अंतर’ या प्रश्नाला आता चौथं उत्तरही तयार झालंय. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तो कोल्हापूरहून सरळ रेषेत सुमारे २८८ किलोमीटरवर आहे, म्हणजे सांताक्रूझपेक्षा २० किलोमीटर जवळ. हवेत हा फरक दोन-तीन मिनिटांचा. पनवेल, खारघर, उरणला जाणाऱ्याचा मात्र रस्त्यावरचा तास-दीड तास वाचतो, आणि अंधेरी-बोरिवलीला जाणाऱ्याचा तेवढाच वाढतो. तिकीट काढताना ‘मुंबई’ लिहिलेलं दिसलं, की पुढे विमानतळाचं नाव कोणतं आहे ते एकदा वाचून घ्यावं.